डी ड्राइव्ह लपवू नका, घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं करा

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या घरून जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न भरण्याचं काम करतात. घरात एकच डेस्कटॉप आहे आणि त्यावर त्यांच्याबरोबर यजमान, अकरावीतला पुतण्या आणि संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन लावणाऱ्या सासूबाई असे सगळेच बसतात. क्लायंटचे कागद डी ड्राइव्हवर. स्वतःचे बँकेचे, दवाखान्याचे कागद आणि काही खासगी फोटो ई ड्राइव्हवर. ओळखीतल्या एकाने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या यादीत, एक नोंद टाकून दोन्ही ड्राइव्ह गायब करण्याची युक्ती सांगितली आहे. ती वापरावी का, आणि घरच्यांना न दुखावता हे कसं जमवावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, ती युक्ती चालते. तरीही ती वापरू नका असंच मी सांगेन. नाशिकमधल्या लहान ऑफिसांचे आणि घरांचे कॉम्प्युटर सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ड्राइव्ह लपवल्यामुळे खासगी गोष्टी खासगी राहिल्याचं मी क्वचितच पाहिलं, डेटा कायमचा गेल्याचं मात्र पाहिलं आहे.

ही युक्ती नेमकं काय करते ते आधी बघा. विंडोजच्या रजिस्ट्रीत, चालू यूजरच्या एक्स्प्लोरर (फाइली दाखवणारी खिडकी) पॉलिसीखाली 'नोड्राइव्ज' नावाची नोंद करता येते. प्रत्येक ड्राइव्हला एक आकडा ठरलेला आहे: एला १, बीला २, सीला ४, डीला ८, ईला १६, असा दुपटीने वाढत जाणारा. जे ड्राइव्ह लपवायचे त्यांची बेरीज त्या नोंदीत लिहायची. तुमच्या डी आणि ईसाठी ती २४ होते. साइन आउट करून परत आलं की 'धिस पीसी'मध्ये दोन्ही दिसत नाहीत. प्रो आवृत्तीत ड्राइव्ह लपवण्याची सोय ग्रुप पॉलिसी एडिटर या सेटिंगच्या साधनातही असते. होम आवृत्तीत तो एडिटर नसतो, म्हणून लोक रजिस्ट्रीत हात घालतात. पण एवढं करून ड्राइव्ह फक्त दिसेनासा होतो. वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये डी अक्षर आणि कोलन टाइप करून एंटर दाबलं की तो उघडतो. कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे हुकूम टाइप करून चालवायच्या खिडकीला, तर ही नोंद लागूच होत नाही. 'नोव्ह्यूऑनड्राइव्ह' नावाची दुसरी एक नोंद आहे, ती एक्स्प्लोररमधून उघडणंही अडवते. कमांड प्रॉम्प्ट आणि इतर बरेच प्रोग्राम तिलाही जुमानत नाहीत.

त्यात आणखी एक गोम आहे. ही नोंद ज्या यूजरच्या नावाने केली त्यालाच लागू होते. तुमच्या घरी सगळे एकाच खात्यातून बसत असतील, आणि प्रश्नावरून तसंच वाटतं, तर ड्राइव्ह पुतण्याला दिसणार नाहीत तसे तुम्हालाही दिसणार नाहीत. रोज सकाळी नोंद काढायची आणि रात्री परत टाकायची, हे आठवडाभरही चालत नाही.

दुसरी प्रचलित पद्धत म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हचं अक्षरच काढून टाकायचं. ती मला जास्त धोक्याची वाटते. पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हिशेब बघणाऱ्याने असं केलं होतं. शेतकऱ्यांचे सातबारे, बँक पासबुकांच्या प्रती, मालाच्या पावत्या सगळं त्या बिनअक्षराच्या भागात. निर्यातीचा हंगाम संपल्यावर कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून विंडोज नव्याने टाकायला दिला. टाकणाऱ्याने धिस पीसीमध्ये बघितलं, तिथे फक्त सी होता. त्याने सीमधलं डेस्कटॉप आणि डाउनलोड्स जपून बाजूला काढलं, डिस्कचे सगळे भाग (पार्टिशन) पुसले आणि नव्याने आखले. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की अजून एक भाग आहे, आणि सांगणार तरी कसं, तो लपवण्यासाठीच तर अक्षर काढलं होतं. जे तुमच्या घरच्यांना दिसत नाही ते दुरुस्तीवाल्यालाही दिसत नाही, आणि दुरुस्तीवाला डिस्क पुसू शकतो.

इंटरनेटवर फिरणारी 'फोल्डर लॉकर'ची बॅच फाइल तुमच्यापर्यंत आलीच असेल. नोटपॅडमध्ये काही ओळी पेस्ट करायच्या, पासवर्ड लिहायचा, सेव्ह करायचं. ती फाइल फोल्डरचं नाव बदलून त्याला हिडन आणि सिस्टिम असे दोन शिक्के मारते, बाकी काही नाही. पासवर्ड त्याच फाइलमध्ये उघडा लिहिलेला असतो. उजवी क्लिक करून एडिट म्हटलं की तो समोर. एक्स्प्लोररच्या सेटिंगमध्ये लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दाखवा म्हटलं तर फोल्डरही समोर. फुकट मिळणाऱ्या फोल्डर लॉक सॉफ्टवेअरपैकी बरीचशी थोड्या फरकाने हेच करतात. काही तर सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर सुरू केला की निष्प्रभ होतात.

आणि अकरावीतल्या मुलाबद्दल म्हणाल, तर एक टीबीची डिस्क असताना धिस पीसीमध्ये फक्त दोनशे जीबीचा सी दिसला, की बाकीची जागा कुठे गेली हा प्रश्न त्याला पडणारच. तो शोधेल. शोधल्यावर घरात विषय निघेल की काकूने काहीतरी लपवून ठेवलंय. तुमच्या प्रश्नातला घरच्यांना न दुखावण्याचा भाग मला तांत्रिक भागाइतकाच महत्त्वाचा वाटतो. लपवलेली गोष्ट सापडली की संशय येतो; उघडपणे वेगळी ठेवलेली गोष्ट कोणाला खटकत नाही. घरात प्रत्येकाचं कपाट वेगळं असतं, त्यावरून कोणी रुसत नाही.

म्हणून पहिलं काम: प्रत्येकाला स्वतःचं यूजर खातं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे 'अदर यूजर्स', आणि अ‍ॅड अकाउंट. विंडोज मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल. सासूबाईंसाठी ईमेल काढायची गरज नाही. 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' या अर्थाच्या ओळीवर क्लिक करा, पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडण्याची सोय आहे. तीन खाती करा: यजमान, पुतण्या, सासूबाई. तिघांचीही 'स्टँडर्ड' ठेवा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फक्त तुमचं.

आत्ता सगळे वापरतात ते जुनं खातं तुमच्याकडे ठेवा आणि बाकीच्यांना नवी द्या. तुमचं टॅली, ईमेल, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमधले पोर्टलचे पासवर्ड सगळं जुन्या खात्यात बसलेलं आहे. ते हलवण्यापेक्षा पुतण्याने नव्या खात्यात स्वतःचा क्रोम लावणं फार सोपं. त्या जुन्या खात्याला आजपर्यंत पासवर्ड नसेल किंवा सगळ्यांना माहीत असलेला असेल, तर तो त्याच दिवशी बदला. पिन लावलात तर जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको.

हे घरी सांगताना क्लायंटच्या कागदांचं कारण पुढे करा, कारण ते खरंच आहे. लोकांनी तुमच्याकडे विश्वासाने पॅन, आधार, बँक स्टेटमेंट दिलेली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती हाताळणाऱ्यावर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. कामासाठी खातं वेगळं हवं, एवढं वाक्य पुरतं. पुतण्याला त्याचा वॉलपेपर, त्याचे गेम, त्याची हिस्टरी मिळते. त्यालाही खासगीपणा हवाच असतो, आणि तुम्ही अ‍ॅडमिन आहात म्हणून त्याच्या खात्यात डोकावू नका. सासूबाईंच्या डेस्कटॉपवर यूट्यूबचं एक मोठं चिन्ह ठेवा. त्यांना आजच्यापेक्षा सोपंच होईल. फक्त एक कुरबूर होईल: नवा गेम टाकताना विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल. तो तुम्ही स्वतः येऊन टाका, सांगू नका. सांगितलात तर वरचं सगळं वाया गेलं.

आता मी ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले तो मुद्दा. वेगळी खाती करूनही डी ड्राइव्ह सगळ्यांना उघडाच राहतो. सी ड्राइव्हवर यूजर्स फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या नावाचा जो फोल्डर असतो, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे, तो विंडोज मुळातच दुसऱ्या स्टँडर्ड यूजरसाठी बंद ठेवतं. पण डी, ई हे नुसते डेटाचे पार्टिशन. त्यावर मूळ परवानगी अशी असते की या कॉम्प्युटरवर लॉगिन करणारा कोणीही फाइल वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. आपल्याकडे असेम्बल केलेल्या मशीनवर डिस्कचे तीन-चार भाग पाडायचे आणि विंडोज उडालं तरी डेटा वाचावा म्हणून महत्त्वाचं सगळं डीवर ठेवायचं, ही सवय फार जुनी आहे. विंडोज उडण्याच्या बाबतीत ती योग्यही आहे. पण सामायिक कॉम्प्युटरवर त्याचा अर्थ असा होतो की सगळ्यात महत्त्वाची कागदपत्रं सगळ्यात उघड्या जागी असतात. वेगळी खाती करून निश्चिंत झालेली पुष्कळ ऑफिसं मला भेटतात. शरणपूर रोडवरच्या वकिलांच्या, सीएच्या लहान ऑफिसांत ही परिस्थिती अगदी नेहमीची.

यावर दोन मार्ग. सी ड्राइव्हवर जागा असेल तर कागद सरळ तुमच्या खात्याच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा. बॅकअपची शिस्त असेल तर मला हाच मार्ग आवडतो. जागा नसेल तर डीवर एकच फोल्डर करा, नाव साधं, उदाहरणार्थ 'काम', आणि फक्त त्याच्या परवानग्या बदला. आधी सगळ्या फाइली त्यात आणा. मग फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे खाली 'डिसेबल इनहेरिटन्स' आहे. ते दाबल्यावर दोन पर्याय येतात. वरच्या ड्राइव्हकडून आलेल्या परवानग्या स्वतःच्या म्हणून कायम ठेवणारा पहिला, म्हणजे 'कन्व्हर्ट' शब्दाने सुरू होणारा पर्याय घ्या. मग यादीतून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' आणि 'यूजर्स' काढून टाका, आणि तुमच्या खात्याचं नाव 'फुल कंट्रोल'सह जोडा. 'सिस्टिम' आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' राहू द्या. ते काढले तर बॅकअप आणि दुरुस्तीची साधनं अडतात. शेवटी आतल्या सगळ्या फाइलींना याच परवानग्या लावण्याच्या चौकटीत टिक करा, कारण एकाच ड्राइव्हवर इकडून तिकडे हलवलेली फाइल आपली जुनी परवानगी बरोबर घेऊन येऊ शकते. आणि हे सगळं त्या एका फोल्डरवरच करा. आख्ख्या डी ड्राइव्हच्या मुळाशी करायला गेलात आणि एखादी चुकीची ओळ निघाली तर निस्तरायला वेळ लागतो.

झाल्यावर पुतण्याच्या खात्यात जाऊन तो फोल्डर उघडून बघा. परवानगी नाही असा निरोप यायला हवा. ही तपासणी सोडू नका.

टॅली वापरत असाल तर अजून एक जागा बघा. टॅलीप्राइमचा डेटा पुष्कळ ठिकाणी सी ड्राइव्हवरच्या यूजर्समधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो, आणि पब्लिक म्हणजे सगळ्या खात्यांना खुला. तो तुमच्या 'काम' फोल्डरमध्ये आणून टॅलीला नवा मार्ग दाखवता येतो, किंवा कंपनीला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावता येतो. टॅलीव्हॉल्टने डेटा खरोखर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येत नाही, पण तो पासवर्ड विसरलात तर परत मिळत नाही.

वेगळ्या खात्याचा दुसरा मोठा फायदा म्हणजे मागे राहणारे माग. ड्राइव्ह लपवला तरी वर्डच्या 'रिसेंट'मध्ये फाइलचं नाव दिसतं, एक्स्प्लोरर उघडल्याबरोबर अलीकडच्या फाइली दिसतात, स्टार्टमध्ये दोन अक्षरं टाइप केली की शोधयादीतून क्लायंटचं नाव वर येतं, व्हीएलसीला शेवटचा व्हिडिओ आठवतो, फोटोंची छोटी चित्रं कॅशमध्ये (विंडोजच्या तात्पुरत्या साठ्यात) राहतात. क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप वेब तर सगळ्यांत वाईट. क्लायंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पॅनचा फोटो डाउनलोड्समध्ये पडतो आणि तिथेच वर्षानुवर्षं राहतो. खातं वेगळं झालं की हे सगळं आपोआप वेगळं होतं. तुमच्यासाठी एकच सवय उरते: खुर्चीवरून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं एकत्र दाबायची. दुधाची पिशवी घ्यायला दारापर्यंत गेलात तरी.

तुमच्या घरापुरता विचार केला तर नव्वद टक्के काम इथे संपतं असं माझं मत आहे. पण परवानग्यांची मर्यादा माहीत असायला हवी. विंडोज चालू असतानाच त्या पाळल्या जातात. कोणी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर सगळं वाचता येतं. कोणताही अ‍ॅडमिन फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊ शकतो. म्हणजे चोरी, भंगारात गेलेली डिस्क आणि महात्मा गांधी रोडवरच्या एखाद्या दुकानात दोन दिवस ठेवलेला कॉम्प्युटर, या तिन्ही ठिकाणी परवानग्यांचा उपयोग नाही. तिथे एन्क्रिप्शनच लागतं.

विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर हे विंडोजचंच एन्क्रिप्शन आहे. होममध्ये, हार्डवेअर चालत असेल तर, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' हे त्याचंच साधं रूप मिळतं. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ते दिसतं का बघा. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक लोक गोंधळतात: बिटलॉकर घरातल्या दुसऱ्या यूजरपासून वाचवत नाही. कॉम्प्युटर सुरू होऊन ड्राइव्ह उघडला की तो सगळ्या खात्यांसाठी उघडतो. डीला वेगळा पासवर्ड लावलात आणि सकाळी तो टाकलात, तर दुपारी पुतण्या त्याच्या खात्यातून आला तरी डी उघडाच असतो. साधारणपणे रीस्टार्ट होईपर्यंत. म्हणून बिटलॉकर हवा तो चोरीसाठी आणि दुकानासाठी, आणि घरासाठी खाती व परवानग्या. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

बिटलॉकर लावताना 'फक्त वापरलेली जागा' की 'पूर्ण ड्राइव्ह' असं विचारतात. तुमचा ड्राइव्ह जुना, वापरातला आहे. पूर्ण घ्या. नाहीतर पूर्वी पुसलेल्या फाइलींचे अवशेष रिकाम्या जागेत तसेच वाचनीय राहतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात. मध्येच वीज गेली तरी बिटलॉकर पुढे सुरू ठेवतो, तरी यूपीएसची बॅटरी तपासा आणि दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचा निरोप आलेल्या दिवशी हे काढू नका. सुरू करण्याआधी बॅकअप, हे वेगळं सांगायला नको.

आणि रिकव्हरी की. अठ्ठेचाळीस अंकी आकडा असतो. बायोसचं (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, काही वेळा सेटिंगमध्ये थोडा फेरफार झाला, की निळ्या पडद्यावर विंडोज तो आकडा मागतं. नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्टही उघडून देऊ शकत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून बरेच जण ११ वर जात आहेत, आणि ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवं इन्स्टॉलेशन करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की योग्य मशीनवर हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. रिकव्हरी की जाते त्या अकाउंटमध्ये. ते अकाउंट सेटअपच्या वेळी दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच्या किंवा कुठल्या तरी तात्पुरत्या ईमेलने उघडलेलं असेल, तर तुमच्या डेटाची किल्ली त्याच्याकडे! असं मशीन माझ्यासमोर आलं की मी आधी हेच बघते. तुमच्याही मशीनवर आजच बघा. ही रिकव्हरी की कागदावर छापा, दोन प्रती करा. एक घरच्या तिजोरीत, दुसरी माहेरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. त्याच कॉम्प्युटरवर तिचा फोटो ठेवणं निरर्थक.

ई ड्राइव्हवरचे फोटो आणि दवाखान्याचे कागद यांच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे. ते रोज लागत नाहीत, आणि ते अ‍ॅडमिनपासूनही, दुकानदारापासूनही, कोणापासूनही बंद असावेत अशी तुमची इच्छा दिसते. ती पूर्णपणे रास्त आहे. त्यासाठी व्हेराक्रिप्ट वापरा. मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे. २०१४ मध्ये ट्रूक्रिप्टचं काम थांबलं, त्याच कोडवर हे उभं आहे. त्यात 'कंटेनर' नावाची एक फाइल करायची, समजा वीस जीबीची. पासवर्ड दिला की ती एका नव्या ड्राइव्हसारखी उघडते, बंद केली की नुसती एक निरर्थक अक्षरांची मोठी फाइल. आत किती फोटो, कोणते, काहीच कळत नाही. पासवर्ड वीस अक्षरांहून मोठा घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले की लक्षातही राहतो. मुलाबाळांची नावं आणि जन्मतारखा घरात सगळ्यांनाच ठाऊक असतात; त्या नकोत.

व्हेराक्रिप्टच्या बाबतीत तीन गोष्टी अनुभवाने सांगते. सेटिंगमध्ये यूजर लॉग ऑफ झाला किंवा सेशन लॉक झालं की कंटेनर आपोआप बंद व्हावा असं लावा, नाहीतर उघडलेला कंटेनर दुसऱ्या खात्यातही दिसतो. दुसरी, एन्क्रिप्शनमुळे फाइल वाचता येत नाही पण पुसता येते, तेव्हा कंटेनरही त्या बंद केलेल्या 'काम' फोल्डरमध्येच ठेवा. तिसरी जास्त खोडसाळ आहे: आत नवे फोटो टाकले तरी कंटेनर फाइलची तारीख मुळात बदलत नाही. त्यामुळे काही बॅकअप प्रोग्राम ती बदललीच नाही असं समजून नवी प्रत घेत नाहीत. सेटिंगमधली तारीख जपून ठेवण्याची टिक काढून टाका.

आख्खा ई ड्राइव्ह व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट करण्याच्या फंदात पडू नका. तसा ड्राइव्ह विंडोजला ओळखता येत नाही, आणि कोणी त्यावर क्लिक केलं की 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा निरोप येतो. सासूबाईंनी भाबडेपणाने ओके दाबलं की खेळ खलास. ड्राइव्हचं अक्षर काढून टाकण्याचा खरा उपयोग मला इथेच दिसतो: असा ड्राइव्ह चुकून फॉरमॅट होऊ नये म्हणून. तेव्हाही डिस्कवर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, म्हणजे पुढे कोणी दुरुस्तीला उघडलं तर कळेल की हा भाग रिकामा नाही.

फोटो कंटेनरमध्ये गेले की ईवरच्या मूळ फाइली नुसत्या पुसून भागत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर त्या रिकव्हरीच्या साध्या सॉफ्टवेअरने परत येतात. रीसायकल बिन रिकामं करा आणि विंडोजमधलीच 'सायफर' ही कमांड डब्ल्यू या पर्यायासह त्या ड्राइव्हवर चालवा. ती मोकळ्या जागेवर नवं काहीबाही लिहून जुनं झाकते. चालू फाइलींना ती हात लावत नाही. रात्री लावून झोपा. एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) असेल तर तिच्यातल्या ट्रिम या पुसलेली जागा मोकळी करणाऱ्या सोयीमुळे पुसलेला डेटा बहुधा लवकरच हाती लागण्यापलीकडे जातो, पण खात्री हवी असेल तर खासगी गोष्टी पहिल्यापासूनच एन्क्रिप्ट केलेल्या जागी ठेवणं हाच मार्ग.

क्लायंटच्या पीडीएफबद्दल थोडं. ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून तो सुरक्षित, असं समजू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल हे सूत्र सगळ्यांना माहीत आहे. एआयएसचा, म्हणजे इन्कम टॅक्सच्या वार्षिक माहितीपत्रकाचा, पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. दोन्ही त्याच फोल्डरमधल्या पॅनकार्डवर छापलेली. पूर्ण आधार क्रमांक लागत नसेल तिथे क्लायंटकडून मास्क केलेलं आधार घ्या, ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. कोणाला कागद ईमेलने पाठवायचे असतील तर सेव्हन-झिपने, त्याच्याच फॉरमॅटमध्ये पासवर्ड लावा आणि फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करण्याची टिक करा, नाहीतर आतली यादी पासवर्डशिवाय वाचता येते. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

एवढं सगळं एका बैठकीत करू नका. पहिल्या रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण बॅकअप आणि खाती. आठवडाभर घरच्यांना त्यांची सवय होऊ द्या. त्या दिवसांत कोणाचं काय अडतं ते कळेल. पुढच्या रविवारी 'काम' फोल्डर आणि टॅली. मग कंटेनर, आणि सगळ्यात शेवटी बिटलॉकर. बॅकअपची डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये असेल तर तिच्यावर परवानग्या चालतच नाहीत, कोणीही लावून वाचू शकतो. ती कुलपात ठेवा किंवा प्रो असेल तर तिलाही बिटलॉकर लावा. जीएसटीआर-३बी हा जीएसटीचा रिटर्न दरमहा भरणाऱ्यांचा महिन्याच्या २० तारखेला असतो, तेव्हा १५ ते २० च्या दरम्यान यातलं काहीही हाती घेऊ नका. आणि यजमानांना रिकव्हरी कीची चिठ्ठी कुठे आहे एवढं सांगून ठेवा. आतल्या फोटोंचा पासवर्ड तुमच्याकडेच राहू द्या.